नवे बूट घेण्याआधी: सावकाश किती धावायचं, जोरात किती?

दुकानात दर आठवड्याला कुणीतरी नडगीवर हात ठेवून विचारतं, "इथं दुखतंय, जास्त कुशनचा बूट आहे का?" बूट काढण्याआधी आम्ही विचारतो, आठवड्यात किती दिवस धावता आणि त्यातले किती दिवस धाप लागते? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: चार दिवस, आणि चारही दिवस. अशा वेळी महागडा बूट गळ्यात मारणं आम्हाला पटत नाही. म्हणून हे पत्रक.

होतं काय, सोमवारी पाच किलोमीटर जितक्या वेळात झाले त्यातले दहा सेकंद बुधवारी कमी करावेसे वाटतात. घड्याळ मनगटावर असतंच. मग रोजचं धावणं मध्येच कुठंतरी अडकतं. पाय मोकळे होतील इतकं ते हलकं नसतं आणि वेग वाढेल इतकं कडकही नसतं. त्यात दम काही आठवड्यांतच सुधारतो, हाडं आणि टेंडन (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) तयार व्हायला मात्र महिने जातात. छाती म्हणते पळ, आणि भार नडगीवर येतो. मी स्वतः एका डिसेंबरच्या मॅरेथॉनआधी असाच रोज जोर लावला आणि शर्यतीच्या दिवशी रस्त्याकडेला उभं राहून टाळ्या वाजवल्या.

नॉर्वेत काम करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल धावपटू, स्कीपटू आणि रोइंगपटूंच्या सरावाचा अभ्यास केला. त्यात दहातली साधारण आठ सत्रं सावकाश आणि दोन कडक, असं प्रमाण दिसलं. अव्वल खेळाडू जे करतात ते आपण सोडून देतो, याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं. सावकाश धावताना स्नायूंतलं सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, शरीर चरबी जाळायला शिकतं आणि पुढच्या कडक दिवसासाठी पाय ताजे राहतात.

सावकाश म्हणजे किती? धावता धावता सतराचा पाढा म्हणून बघा, मोठ्यानं. सतरा दाहे एकशे सत्तरपर्यंत आरामात पोचलात तर वेग बरोबर आहे. "सतरा त्रिक एक्कावन्न"लाच श्वास तुटला तर हळू व्हा, चालावं लागलं तरी चाला. पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या किंवा तळजाईच्या चढावर तर चालावंच. चढाला सपाटीचा वेग धरला की सावकाश दिवस तिथंच संपतो. एप्रिल-मेमध्ये त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, तेव्हा घड्याळापेक्षा पाढ्यावर विश्वास ठेवा.

चार दिवस धावणाऱ्यांसाठी आम्ही असा आठवडा सुचवतो. मंगळवारी कडक: पंधरा मिनिटं हलकं धावून अंग गरम करा, मग दोन मिनिटं जोरात आणि दोन मिनिटं रमतगमत, असं सहा वेळा, शेवटी दहा मिनिटं पुन्हा हलकं. जोरात म्हणजे जीव तोडून नव्हे, सहावी फेरी पहिलीइतक्याच वेगानं व्हायला हवी. गुरुवारी चाळीस मिनिटं सावकाश. शनिवारी अर्धा तास सावकाश. रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब धावणं, तोही सावकाशच. इथं बहुतेकजण घसरतात, कारण विद्यापीठात ग्रुप भेटतो, कुणीतरी पुढं निघतं आणि मागं राहायची लाज वाटते. राहा मागं. मिसळ सगळ्यांना एकाच वेळी मिळते.

तीन दिवसच धावत असाल तरी कडक दिवस एकच, तोही सलग दोन-तीन महिने धावणं झाल्यावर. कधी दोन कडक दिवस केलेच, तर त्यांच्यामध्ये किमान अठ्ठेचाळीस तास जाऊ द्या. आठवडाभर झोप नीट झाली नसेल तर मंगळवारही सावकाश करा, काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र टाळू नका. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर धावणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तो बुटाचा विषय नाही.

बाकी दुखणं किरकोळ असेल तर तीन आठवडे असं धावून बघा आणि मग दुकानात या. येताना जुने बूट आणा, न धुता. तळवा किती झिजलाय आणि फोम किती बसलाय ते बघून नवा जोड खरंच हवा का, ते सांगतो. नको असेल तर तेही सांगू.