रेक्स (लॅटिन शब्द)

‘राजा’ या अर्थाचे लॅटिन पुल्लिंगी नाम. शब्दकोशात ते ‘रेक्स, रेगिस’ असे षष्ठीसह देतात, कारण मूळ अंग ‘रेग्’ प्रथमेत दिसतच नाही. पुढे ‘स्’ लागताच ग् चा क् होतो. संस्कृत ‘वाच्’चे प्रथमेत ‘वाक्’ होते, त्यातलाच हा प्रकार.

हे नाम तिसऱ्या गणातले (लॅटिन नामांचे विभक्तिरूपांनुसार गण पडतात). एकवचनात द्वितीया रेगेम, चतुर्थी रेगी, पंचमी रेगे, षष्ठी रेगिस. अनेकवचनात प्रथमा-द्वितीया रेगेस, षष्ठी रेगुम आणि चतुर्थी-पंचमी दोन्हींना रेगिबुस. संस्कृतातही ‘राजभ्यः’ हे एकच रूप चतुर्थी-पंचमीला चालते, आणि ‘बुस’ व ‘भ्यः’ हे प्रत्यय एकाच कुळातले आहेत. संस्कृत शिकलेल्याला लॅटिन फारसे परके वाटत नाही ते यामुळेच.

मूळ इंडो-युरोपीय धातूचा अर्थ सरळ करणे, दिशा देणे. लॅटिन ‘रेगेरे’ (चालवणे, शासन करणे) व ‘रेक्तुस’ (सरळ) त्याच धातूचे. संस्कृत ‘राजन्’, ‘सम्राज्’, जुन्या आयरिशमधला ‘री’ आणि गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या) वेर्किंगेतोरिक्स या सरदाराच्या नावातला ‘रिक्स’ हे याचे भाऊबंद. ग्रीकांनी मात्र राजासाठी ‘बासिलेउस’ हा वेगळाच शब्द वापरला.

रोमच्या फोरममध्ये (प्राचीन शहराच्या मुख्य चौकात) 1899 साली काळ्या फरसबंदीखाली एक कोरीव दगड सापडला. तो इ.स.पू. सहाव्या शतकातला मानतात. त्यावरच्या ओळी नांगराच्या बैलासारख्या उलटसुलट वळतात. मजकूर तुटका आहे, पण ‘रेकेई’ हा शब्द स्पष्ट वाचता येतो. ही ‘राजाला’ या अर्थाची जुनी चतुर्थी. ‘ग’साठी वेगळे अक्षर तेव्हा नव्हते, म्हणून तिथे ‘सी’ कोरले आहे.

परंपरेनुसार इ.स.पू. 509 मध्ये रोमचा शेवटचा राजा तार्क्विनियुस सुपेर्बुस याला हाकलल्यावर हा शब्द राजकारणात शिवीसारखा झाला. लोकांनी राजा म्हणून पुकारताच ज्युलियस सीझरने ‘मी रेक्स नव्हे, सीझर’ असे उत्तर दिले. त्यात कोटीही होती, कारण रेक्स हे मार्कियुस कुळातल्या एका शाखेचे आडनावही होते.

राजे गेले तरी काही धर्मविधींना राजा लागायचाच. त्यासाठी ‘रेक्स साक्रोरुम’ नावाचा पुरोहित नेमत आणि त्याला राजकीय पदे बंद असत. ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो, की फोरममधला यज्ञ आटोपला की हा नावाचा राजा तिथून पळ काढी.