यीस्टमधील प्रवर्तकांची निवड

यीस्टच्या पेशीकडून एखादे नवे रसायन करून घ्यायचे असता, त्यासाठी लागणारे प्रत्येक जनुक केव्हा आणि किती प्रमाणात कार्यरत राहावे हे त्याच्या आधी जोडलेल्या डीएनए-खंडावर, म्हणजे प्रवर्तकावर किंवा प्रमोटरवर, अवलंबून असते. हा खंड विचारपूर्वक ठरविणे हा चयापचय अभियांत्रिकीतील एक मूलभूत भाग आहे. येथील विवेचन मुख्यतः सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसी या जातीविषयी आहे. पाव फुगविणारी जात हीच, आणि पूर्व विदर्भात मोहफुलांचा सडवा आंबतो तोही हिच्यासारख्या यीस्टांमुळेच. हिचा सुमारे १.२ कोटी क्षारकजोड्यांचा व सुमारे ६,००० जनुकांचा संपूर्ण आराखडा १९९६ मध्ये हाती आला; दृश्यकेंद्रकी, म्हणजे पेशीत स्पष्ट केंद्रक असलेल्या, सजीवांतील तो पहिलाच होय.

प्रवर्तक ही संज्ञा साधारणतः १९६४ पासूनची मानली जाते. फ्रान्स्वा जाकोब, झाक मोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जीवाणूंतील जनुकसमूहासाठी योजली होती. यीस्टच्या संदर्भात तिचा अर्थ बराच विस्तारला. जनुकाची आरएनए-प्रत काढणारे आरएनए पॉलिमरेज हे एंझाइम जेथे बसते तो गाभ्याचा भाग आणि त्याच्या वरच्या अंगाला असलेली, चालक प्रथिनांना धरून ठेवणारी स्थाने, असे दोन्ही मिळून यीस्टचा प्रवर्तक समजला जातो. त्यामुळे त्याची वरची सीमा कोठे धरावी, हा प्रश्न कायम राहतो. काही अभ्यासक जनुकाच्या आधीचा ठरावीक लांबीचा तुकडा सरसकट घेतात, तर काही जण आधीचे जनुक संपेपर्यंतचा संपूर्ण मोकळा भाग घेतात. दुसरी पद्धत अधिक सुरक्षित वाटते; मात्र लांबी बदलली की स्वभावही बदलतो, हे दोन्ही पक्षांनी लक्षात ठेवावे लागते.

एडीएच१ या, मद्य बनविणाऱ्या एंझाइमच्या जनुकाचा प्रवर्तक हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. मानवी इंटरफेरॉनचे जनुक यीस्टमध्ये चालविण्यासाठी १९८१ मध्ये वापरलेला प्रवर्तक हाच. याचा सुमारे दीड हजार क्षारकजोड्यांचा तुकडा वाढीच्या काळात जोमाने चालतो आणि मद्य साचू लागले की मंदावतो. सुमारे ७०० चा तुकडा मद्य साचल्यावरही चालू राहतो. सुमारे ४०० चा तुकडा दुर्बळ असतो. तथापि काही प्लाझ्मिडांत, म्हणजे जनुके पेशीत नेणाऱ्या डीएनए-वर्तुळांत, शेजारच्या जीवाणू-डीएनएमुळे या आखूड तुकड्यालाही पुन्हा बळ येते. म्हणून केवळ ‘एडीएच१ प्रवर्तक वापरला’ अशी नोंद अपुरी समजावी. एडीएच२ चा स्वभाव याच्या उलट आहे: सडव्यातील साखर संपून यीस्ट मद्यावर जगू लागते तेव्हाच तो जागा होतो. एचएक्सटी७ या, साखर पेशीत घेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा प्रवर्तक ग्लुकोज भरपूर असता दबलेला असतो, पण त्याचा वरचा भाग छाटला की तो सतत चालणारा बनतो. टीडीएच३, टीईएफ१ आणि पीजीके१ हे नित्य वापरातले बलवान प्रवर्तक होत.

गॅलॅक्टोज ही साखर पचविणाऱ्या गॅल१ आणि गॅल१० या जोडजनुकांमध्ये दोन्ही दिशांना चालणारा एकच प्रवर्तक आहे. गॅल४ हे प्रथिन त्यावर बसलेले असते आणि गॅल८० त्याला झाकून ठेवते. गॅलॅक्टोज मिळताच हे झाकण दूर होते व गॅल१ ची अभिव्यक्ती सुमारे हजारपट वाढते. ग्लुकोज असता तो बंदच राहतो. पेशींची आधी वाढ आणि मग उत्पादन, अशी विभागणी यामुळे साधते. परंतु गॅलॅक्टोज महाग असल्याने मोठ्या टाक्यांत ते परवडत नाही.

ज्यापासून आर्टेमिसिनिन हे औषध बनविता येते त्या आर्टेमिसिनिक आम्लाच्या निर्मितीत ही अडचण आणि तिचा उपाय दोन्ही दिसतात. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात फॅल्सिपॅरम हिवतापावर दिल्या जाणाऱ्या आर्टेमिसिनिनयुक्त औषधांशी याचा थेट संबंध असल्याने त्याचे महत्त्व येथील वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. या आम्लाचा कच्चा माल ईआरजी९ या जनुकाचे एंझाइम पेशीच्या पटलाला लागणाऱ्या एर्गोस्टेरॉलकडे वळवते, आणि एर्गोस्टेरॉलाविना पेशी जगत नाही. त्यामुळे ते जनुक काढून टाकता येत नाही, फक्त दाबून ठेवता येते. २००६ मधील कामात त्याला मेथिओनीनने दबणारा एमईटी३ प्रवर्तक जोडला होता, तर पुढे स्वस्त मोरचुदाने दबणारा सीटीआर३ प्रवर्तक घेतला गेला. गॅल८० काढून टाकल्याने गॅलॅक्टोजची गरजही उरली नाही. २०१३ मध्ये लिटरमागे २५ ग्रॅम उत्पादन नोंदले गेले. या यशात मार्गातील इतरही अनेक सुधारणांचा वाटा आहे. तरी दाबणाऱ्या प्रवर्तकाची निवड हे त्यातील सर्वांत सूक्ष्म काम म्हणावे लागेल, कारण सामान्यतः प्रवर्तकाची निवड बळ वाढविण्यासाठी केली जाते आणि येथे ती घटविण्यासाठी करावी लागली.

शेतातील पऱ्हाटी किंवा धानाची तणस यांच्यापासून मिळणाऱ्या द्रवात ग्लुकोजबरोबर झायलोज ही साखरही असते. मूळ यीस्टला झायलोज पचत नाही; त्यासाठी शेफरसोमायसीस स्टिपिटिस या दुसऱ्या यीस्टची दोन जनुके किंवा पायरोमायसीस या, भारतीय हत्तीच्या लिदीतून मिळविलेल्या, कवकाचे झायलोज आयसोमरेज या एंझाइमचे जनुक घालतात. झायलोजचा खप मुख्यतः ग्लुकोज संपल्यावर सुरू होतो आणि झायलोजमुळे गॅल प्रवर्तक जागे होत नाहीत, त्यामुळे येथे टीडीएच३ किंवा छाटलेला एचएक्सटी७ यांसारखे प्रवर्तक घेतले जातात. या द्रवातील अ‍ॅसिटिक आम्ल व फर्फ्युराल पेशींची वाढ रोखतात. म्हणून शुद्ध ग्लुकोजवर मोजलेले प्रवर्तकाचे बळ प्राथमिक समजून ते प्रत्यक्ष पऱ्हाटीच्या द्रवात पुन्हा मोजणे आवश्यक ठरते.

एकाच पेशीत अनेक जनुकांना तोच प्रवर्तक जोडल्यास सारख्या डीएनए-खंडांची आपसांत अदलाबदल होऊन मधली जनुके गळू शकतात. त्यामुळे समान बळाचे, पण भिन्न क्रमाचे प्रवर्तक निवडतात. टीईएफ१ मध्ये उत्परिवर्तने घडवून निरनिराळ्या बळाचे संचही तयार केले गेले आहेत. सॅकॅरोमायसीसखेरीज कोमागाटेला या दुसऱ्या यीस्टमध्ये मिथेनॉलने चालणारा एओएक्स१ प्रवर्तक रूढ आहे.