यमूच्या तोंडून : मराठी कादंबरीतल्या स्वभावचित्रणाची पार्श्वभूमी

पात्र कसे आहे हे लेखकानेच सांगून टाकले की ते प्रत्यक्ष व्यक्तिचित्रण. त्याच्या बोलण्यावागण्यावरून वाचकाने ताडायचे असेल तर ते अप्रत्यक्ष. ही दुसरी रीत आपण इंग्रजी कादंबऱ्या वाचून शिकलो, असे बरेचदा ऐकू येते. मला ते पटत नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे चरित्र, ‘लीळाचरित्र’, रचले ते लोकांच्या आठवणी गोळा करून, छोट्या प्रसंगांतून आणि संवादांतून. पारध्यांच्या कुत्र्यांना चुकवत ससा येतो, चक्रधरस्वामींच्या आश्रयाला शिरतो आणि स्वामी त्याला परत देत नाहीत. स्वामी दयाळू होते, हे वेगळे सांगावे लागत नाही. ते चरित्र आहे, कल्पित नव्हे, हे खरेच. पण माणूस कृतीतून दाखवायची रीत मराठी गद्यात इतकी जुनी आहे. महानुभावांच्या पोथ्या मात्र सांकेतिक लिप्यांत बंद राहिल्या. पंथाबाहेरच्या अभ्यासकांना त्यांची उकल झाली ती विसाव्या शतकात.

त्यामुळे मराठी कादंबरी या वारशाशिवायच सुरू झाली. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) विधवांच्या हालांची कळकळ आहे, पण पात्रे बहुतेक वेळा लेखकाचे म्हणणे मांडायला येतात. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि तिच्यामागून आलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत सज्जन कोण, दुर्जन कोण, हे आल्या आल्या कळते.

खरी कलाटणी दिली हरिभाऊ आपट्यांनी. त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. कथा सांगते तिची नायिका यमू. माझ्या मते सगळे बळ या एका निवडीत आहे. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या मुलीला वडीलधाऱ्यांबद्दल निवाडा करण्याची मुभाच नव्हती. मग ती काय सांगणार? कोण काय बोलले, कोण कुणावर ओरडले, कोण गप्प बसले. वडिलांचा धाक, सासरच्या शंकरमामंजींचा कावा आपल्याला कळतो तो अशा तपशिलांतून. मोठेपणीची यमू मधूनमधून स्वतःचे मतही देते, आणि ते खुपत नाही, कारण ते मत तिने सोसून मिळवलेले असते. प्रत्यक्ष चित्रणाला कमी लेखणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

१९३१ मध्ये ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीच्या तंत्राची मराठीत पद्धतशीर चर्चा केली. पुढे नवकथेच्या, म्हणजे घटनांपेक्षा माणसाच्या मनाकडे पाहणाऱ्या कथेच्या काळात व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’मध्ये (१९४९) लेखकाचे शेरे फार कमी केले, माणसाचे बोलणे, पेहराव, दारिद्र्य यांतूनच तो समोर येतो. १९६३ च्या ‘कोसला’त नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर तर ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या लकबींवरूनच ओळखू येतो. स्वतःच्या दुःखापाशी पोचला की तो असेच काहीतरी बोलून बाजूला सरकतो, आणि त्या सरकण्यातच तो आपल्याला सर्वांत जास्त कळतो.