कार्बोरेटर सफाई, घरगुती (दुचाकी)

दुचाकीच्या कार्बोरेटरमधील (इंजिनासाठी पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागातील) जेट (बारीक छिद्राच्या पितळी नळ्या), फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्याची) वाटी व हवेच्या वाटा यांत साचलेला मळ काढण्याची क्रिया. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही धुराची मानके लागू झाल्यावर बहुतेक नव्या पेट्रोल दुचाकींत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले, त्यामुळे ही सफाई आता मुख्यतः त्याआधीच्या गाड्यांपुरती उरली आहे. पुण्यात अशा स्प्लेंडर, पल्सर, बुलेट अजून भरपूर आहेत. त्यांची पॅकिंग, ओ-रिंग, जेट नाना पेठेत मिळतात.

बारीक छिद्रातून इंधनाचा फवारा सोडणारा कार्बोरेटर प्रथम कोणी केला याबद्दल मतभेद आहेत. हंगेरीचे डोनात बांकी व यानोश चोंका यांचे पेटंट सामान्यतः १८९३ च्या फेब्रुवारीतील मानतात, तर जर्मनीच्या विल्हेल्म मायबाख यांचे त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील. नुसत्या तारखा पाहता पहिल्या दोघांचे पारडे जड दिसते. त्याआधीच्या पृष्ठीय कार्बोरेटरांत हवा पेट्रोलवरून किंवा पेट्रोलमधून जात असे. तुंबायला बारीक जेटच नव्हते.

द्रावक ठरतो तो मळावरून. तपकिरी, राळेसारखा थर शिळ्या पेट्रोलचा असतो : त्यातील ओलेफिने (दुहेरी बंध असलेली हायड्रोकार्बने) ऑक्सिजनशी संयोग पावतात, हलका भाग वाटीच्या हवाछिद्रातून उडून जातो आणि मागे गोंद राहतो. पांढरी भुकटी पाण्यामुळे जस्ताच्या वा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर चढते. पितळी जेटवर हिरवट डाग पडतात. गॅरेजांत हल्ली सारा दोष इथेनॉलवर ढकलला जातो. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल ओल धरते आणि पाणी पुरेसे झाले की इथेनॉल-पाण्याचा वेगळा थर वाटीच्या तळाशी बसतो, हे खरे. पावसाळाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीतली भुकटी बहुधा त्यामुळेच येते. तपकिरी थर मात्र इथेनॉल नसलेल्या पेट्रोलमध्येही बसत असे, तेव्हा सरसकट दोष देणे पटण्यासारखे नाही.

रॉकेल तेलकट धूळ उत्तम सोडवते, गोंद फारसा नाही. शहरात ते आता सहजी मिळत नाही. रंगाच्या दुकानातले मिनरल टर्पेंटाइन त्याच कामाचे. या दोहोंची वाफ साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसपासून ठिणगीने पेटू शकते. ॲसिटोनची उणे २० ला, पेट्रोलची उणे ४० च्या आसपास. पेट्रोलने कार्बोरेटर धुण्याची सवय घरात सर्वांत घातक ती म्हणूनच. एप्रिल-मेच्या दुपारी पुण्याचा पारा ४० कडे सरकतो तेव्हा टर्पेंटाइनही निर्धोक राहत नाही. सकाळची वेळ बरी.

गोंदासाठी कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे लागतोच. त्यात बहुधा ॲसिटोन, टोल्युइन, झायलीन असतात, आणि ओ-रिंग, फ्लोट नीडलचे (वाटीत येणारे पेट्रोल बंद करणाऱ्या सुईचे) रबरी टोक व सीव्ही कार्बोरेटरचा (ज्यात इंजिनाच्या ओढीने पडदा वर-खाली होतो) रबरी पडदा त्याने फुगतात. रबर आधी काढून ठेवावे. पडदा साबणाच्या पाण्याने पुसावा. पेट्रोलने फुगलेला पडदा रात्रभर हवेत ठेवल्यास पुष्कळदा मूळ मापावर येतो. भुकटी यांपैकी कशातच विरघळत नाही, ती नायलॉनच्या ब्रशने काढावी लागते. व्हिनेगर, लिंबू, संडासचे ॲसिड ती काढतात, पण धातूही खातात. कॉस्टिक सोड्याचेही तेच. अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी मळ सुटवणारे) यंत्र असेल तर पाणी व सौम्य डिटर्जंट, ५० ते ६० अंश, ५ ते १० मिनिटे. त्यात पेट्रोल किंवा थिनर कधीही घालू नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तापलेल्या धातूवर मारल्यास फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीलगत सरपटते. पुण्यातल्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत गॅस गीझर आणि वॉशिंग मशीन शेजारी असतात, म्हणून ही जागा सर्वस्वी अयोग्य. उघड्यावर, स्टीलच्या भांड्यात १०० ते १५० मिली द्रावक घेऊन, जवळ वाळूची बादली ठेवून काम करावे. नायट्रिल हातमोजे पेट्रोलला टिकतात; ॲसिटोन त्यांतून काही मिनिटांत आरपार जाते. कापडी मास्क वाफ अडवत नाही.

खोलण्यापूर्वी पेट्रोल कॉक बंद करून वाटी रिकामी करावी. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आत फिरवून किती फेरे बसतात ते लिहून ठेवावे. जोर लावल्यास त्याचे टोक मोडून बैठकीत अडकते. पितळ मऊ असल्याने जेटमध्ये सुई घालू नये, छिद्र मोठे होऊन मिश्रणात पेट्रोल कायमचे जास्त होते. नायलॉनचा मासेमारीचा दोरा चालतो. पायलट जेटचे (इंजिन मंद चालताना पेट्रोल देणाऱ्या जेटचे) छिद्र सहसा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ते उजेडापुढे धरल्यावर कडा स्वच्छ गोल दिसली पाहिजे. हवा मारताना फ्लोट बाहेर काढलेला असावा आणि डोळ्यांवर गॉगल.

वापरलेला द्रावक गटारात ओतू नये. झाकणाच्या डब्यात दिवसभर निवळू द्यावा, वरचा पुन्हा वापरावा, गाळ गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्यावा. जोडणीनंतर कॉक उघडून १० मिनिटे थांबावे. ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब आल्यास गाडी सुरू न करता नीडलची बैठक व फ्लोटची उंची तपासावी.