बफीचं कॉमिक: सहाव्या अंकाच्या वादापर्यंत आणि पुढे

‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’, म्हणजे व्हॅम्पायरांशी लढायला निवडल्या गेलेल्या मुलीची (स्लेअरची) अमेरिकन टीव्ही मालिका, सात सीझननंतर मे २००३ मध्ये संपली, तेव्हा तिच्या नावाचं कॉमिक निघायला लागून पाच वर्षं होत आली होती. १९९८ पासूनचे ते ६३ अंक मालिकेच्या भागांमधल्या फटींत बसवलेले होते. पुढे काय घडणार हे टीव्हीवाले ठरवत, त्यामुळे अंकाच्या पहिल्या पानावरची बफी शेवटच्या पानावर जशीच्या तशी सापडायची. व्हॅम्पायर मरत होते, नायिका मोठी होत नव्हती. अपवाद म्हणून ‘फ्रे’चं नाव घ्यायला हवं. भविष्यातल्या एका स्लेअरची ही आठ अंकांची गोष्ट २००१ मध्ये सुरू झाली आणि तिच्या हातातलं लाल शस्त्र पुढे मालिकेच्या शेवटच्या भागांत बफीच्या हाती आलं.

खरा बदल मार्च २००७ चा. मालिकेच्या निर्मात्याने स्वतः पहिला अंक लिहिला आणि हाच आठवा सीझन असं जाहीर केलं. म्हणजे यात जे घडेल ते खरंच घडलं असं धरायचं. त्या अंकाच्या लाखाहून जास्त प्रती खपल्या, पुन्हा छापाव्या लागल्या, आणि पुढच्या वर्षी सर्वोत्तम नव्या मालिकेचा आयस्नर हा कॉमिकमधला मानाचा पुरस्कारही मिळाला.

कागदावर बजेटची अडचण नव्हती. बफी स्कॉटलंडच्या किल्ल्यात राहायला गेली, जगभरच्या स्लेअर मुलींची फौज उभी राहिली, बहीण डॉन घराएवढी उंच झाली. सुरुवातीला या थाटामागे माणसं दिसत होती. फौज पोसायला बफीने बँक लुटल्याचं उघड होतं, तो भाग आजही वाचावा. पुढे मात्र पसारा हाताबाहेर गेला. ट्वायलाइट या शत्रूच्या मुखवट्याआड एंजल, म्हणजे बफीचा जुना प्रियकर असलेला व्हॅम्पायर, असल्याचं उघड झालं आणि वाचक भडकले. तेव्हा एंजलच्या कॉमिकचे हक्क दुसऱ्या प्रकाशकाकडे होते, तिथे तो दर महिन्याला नायक म्हणून झळकत होता. त्यात हे गुपित अंक बाजारात येण्याआधीच फुटलं. ३९व्या अंकात एंजलच्याच हातून बफीचा गुरू जाइल्सचा जीव गेला, जगातली जादू संपली, आणि जानेवारी २०११ मध्ये ४०व्या अंकावर सीझन आटोपला. त्या अंकातल्या पत्रात निर्मात्याने आपण वाहवत गेलो हे मान्य केलं आणि पुढची बफी रोजच्या जगण्याकडे परत येईल असं सांगितलं.

म्हणूनच सप्टेंबर २०११ च्या नवव्या सीझनकडून अपेक्षा मोठी होती. बफी सॅन फ्रान्सिस्कोत कॉफीच्या दुकानात नोकरी करते आणि भाड्याच्या घरात रूममेट्ससोबत राहते. पहिल्याच अंकातल्या पार्टीनंतर रात्री काय झालं हे तिला आठवत नाही. मग ती गरोदर असल्याचं समोर येतं आणि फेब्रुवारी २०१२ च्या सहाव्या अंकात ती गर्भपाताचा निर्णय घेते.

अमेरिकेत ते निवडणुकीचं वर्ष होतं, त्यामुळे कॉमिक कधी न उघडलेल्या वर्तमानपत्रांनीही बातमी केली. गर्भपाताला विरोध असणारे चिडले. ज्यांना हा निर्णय पटला त्यांनी धाडसाचं कौतुक केलं. पण अंक प्रत्यक्ष वाचला तर त्यात कुठेही घोषणा नाही. बफी रॉबिन वुडला भेटायला जाते, कारण तो एका स्लेअरचा मुलगा. त्याची आई निकी १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मारली गेली, तेव्हा तो चार वर्षांचा होता. हे काम करून मूल वाढवता येतं का, हा प्रश्न बफी त्याच्याशिवाय कुणाला विचारणार? आणि सोबत चल म्हणून ती ज्याला सांगते तो स्पाइक, म्हणजे निकीला मारणारा व्हॅम्पायर. या दोन भेटींत लढाईचं एकही चित्र नसतं तरी चाललं असतं, इतकं त्यांत भरलेलं आहे. आठव्या सीझनच्या चाळीस अंकांत इतकी जवळून बफी क्वचितच दिसली.

पुढच्याच अंकाच्या शेवटी मारामारीत तिचा हात तुटतो आणि आतून रक्ताऐवजी तारा बाहेर येतात. तिच्या साथीदारांपैकी अँड्र्यूने त्या पार्टीच्या रात्री तिला न विचारता तिचं मन रोबोच्या शरीरात घातलेलं असतं, तिच्या संरक्षणासाठी म्हणून. खरं शरीर दुसरीकडे एका उपनगरातल्या घरात सुरक्षित असतं. म्हणजे ती गरोदर नव्हतीच.

महिनाभर बाजू घेऊन भांडलेल्या वाचकांना हा विश्वासघात वाटला, आणि त्यांचा राग रास्त होता. लेखकांच्या बाजूने एक गोष्ट मात्र म्हणायला हवी: रोबोतलं मन बफीचं होतं, आठवणी तिच्या होत्या, त्यामुळे निर्णयही तिचाच. तो खोटा ठरत नाही. खोटे ठरले ते त्याचे परिणाम. दवाखान्यात जाणं, नंतरचे दिवस, स्पाइकशी बदललेलं नातं, यातलं काहीच लिहावं लागलं नाही. शरीरावरचा हक्क हा विषय इतक्या नेटाने मांडायचा आणि त्याच शरीराची अदलाबदल कथेतलं वळण म्हणून वापरायची, ही चूक गंभीर होती. अँड्र्यूने जे केलं त्याचं वजन तर कथेला शेवटपर्यंत पेललं नाही.

याच काळात हक्क परत आल्याने एंजलचं नवं कॉमिक मूळ प्रकाशकाकडे सुरू झालं. लंडनमध्ये एंजल आणि फेथ ही दुसरी स्लेअर जाइल्सला परत आणायला धडपडतात. मारामारी भरपूर, पण प्रत्येक अंक अपराधीपणाभोवती फिरतो. बफीच्या अंकांना जो तोल सापडत नव्हता तो इथे सापडला, आणि प्रकाशकानेही ते ओळखलं: २०१४ च्या दहाव्या सीझनसाठी याच कॉमिकची लेखक-चित्रकार जोडी बफीकडे आणली गेली.

त्या सीझनच्या तीस अंकांत बफी आणि स्पाइक आपल्या भूतकाळाबद्दल, अगदी टीव्हीवरच्या सहाव्या सीझनमध्ये न्हाणीघरात स्पाइकने तिच्यावर जबरदस्ती करायचा प्रयत्न केला त्याबद्दलही, मोठ्या माणसांसारखं बोलतात. नात्याला वेळ देतात. बाराव्या वर्षाच्या शरीरात परतलेला जाइल्स हसवतो आणि अस्वस्थही करतो. जगात परतलेल्या जादूचे नियम नव्याने लिहिले जातात, त्यामुळे शत्रूही नवे येतात, पण कुणाच्या मनाचा निर्णय यंत्राच्या तारांत विरून जात नाही.

अकरावा सीझन बारा अंकांचा. अमेरिकन सरकार जादूशी संबंध असलेल्या सगळ्यांना छावण्यांत कोंबतं, त्यात बफी आणि तिची माणसंही सापडतात. बारावा सीझन अवघ्या चार अंकांचा, २०१८ चा. नंतर हक्क दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये गोष्ट पुन्हा शाळेपासून सुरू झाली, या वेळी हातात स्मार्टफोन घेऊन. नव्या कॉमिकमध्ये बफीची मैत्रीण विलोला मुली आवडतात हे पहिल्या अंकापासून सगळ्यांना ठाऊक असतं. टीव्हीवर तिथवर यायला चौथा सीझन उजाडला होता. सॅन फ्रान्सिस्कोतली भाडं भरणारी बफी या नव्या जगात आणलेली नाही.