पाणी सोडणाऱ्याचं नाव दप्तरात आहे का? ग्रामपंचायत पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि जिल्हा परिषदेतल्या १० टक्के जागा

गावाला हिरवं कार्ड मिळालं की त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर फिरतो. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते. जोखीम कमी असेल तर हिरवं, मध्यम असेल तर पिवळं, जास्त असेल तर लाल कार्ड, आणि सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी. ते कार्ड गावाचं असतं. टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) कालवून टाकीत ओतणाऱ्याचं, शेवटच्या नळावर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का याची चाचणी) करून रंग बघणाऱ्याचं नाव त्यावर नसतं.

कार्डावर नसलं तरी चालेल. पण जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत असे पाणीवाले भेटतात, ज्यांचं नाव ग्रामपंचायतीच्या दप्तरातही धड सापडत नाही. गाव त्यांना ओळखतं, सकाळी सहाला "नाना, आज पानी येई का?" असा फोन त्यांनाच जातो. गिरणाकाठच्या गावांत धरणाचं आवर्तन कधी सुटणार हेही लोक त्यांनाच विचारतात. पण किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि जिल्हा परिषदेच्या नोकरीतला राखीव कोटा या तीनही गोष्टी दप्तर बघून मिळतात. शाल-श्रीफळ पंधरा ऑगस्टला मिळेलच, त्याआधी कागद बघा.

आधी ठरवा, मालक कोण

पाण्याचं काम एकच दिसलं तरी नेमणारे वेगवेगळे असतात. ग्रामपंचायतीने नेमलेला माणूस महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ खाली येतो. कलम ६१ प्रमाणे कर्मचारी नेमण्याचा अधिकार पंचायतीला आहे. प्रादेशिक योजनेवरचा, म्हणजे बोदवड-मुक्ताईनगर पट्ट्यातल्या ८१ गावांच्या योजनेसारख्या ठिकाणी पंप किंवा व्हॉल्व्ह सांभाळणारा माणूस ठेकेदाराचा असू शकतो. त्याचा रस्ता निराळा, तो शेवटी सांगतो. तिसरा प्रकार जलसुरक्षकाचा. पाण्याचे नमुने गोळा करणं आणि टीसीएलच्या नोंदी ठेवणं हे त्याचं काम, आणि त्याबद्दल मानधन मिळतं. बऱ्याच गावांत पाणी सोडणारा आणि जलसुरक्षक एकच असतो. मात्र जलसुरक्षक म्हणून केलेलं काम आणि पाणीपुरवठा कर्मचारी म्हणून झालेली नेमणूक या दोन वेगळ्या नोंदी आहेत. 'माझ्याकडे जलसुरक्षकाचं ओळखपत्र आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

पुढची माहिती मुख्यतः पहिल्या प्रकारासाठी आहे.

दप्तरातल्या तीन जागा

ग्रामपंचायतीचे हिशेब नमुना १ ते ३३ मध्ये ठेवले जातात. त्यातले तीन तुमच्या कामाचे. नमुना १३ म्हणजे कर्मचारी वर्गाची सूची व वेतनश्रेणी नोंदवही. नमुना १९ म्हणजे हजेरीपट. नमुना २१ म्हणजे कर्मचाऱ्यांच्या देयकांची नोंदवही. नमुना १३ मध्ये नाव, पदनाम आणि नेमणुकीची तारीख असेल, तर अर्धं काम झालं असं समजा.

फसवी गोष्ट अशी की पगार दरमहा मिळत असतो, सहीही होत असते, पण ती सही आकस्मिक खर्चाच्या व्हाउचरवर असते. 'पाणी सोडण्याची मजुरी' असं लिहून पैसे खर्ची पडतात. वर्षामागून वर्षं जातात आणि माणूस कागदावर रोजंदारी मजूरच राहतो. म्हणून नुसतं 'पगार मिळतो ना' असं न विचारता 'कुठल्या नमुन्यातून मिळतो' हे विचारा.

याच्या मुळाशी दोन कागद असतात, मासिक सभेचा नेमणुकीचा ठराव आणि मंजूर आकृतिबंध. आकृतिबंध म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात गावाला किती कर्मचारी ठेवता येतात त्याचं कोष्टक. लिपिक, शिपाई, पाणीपुरवठा, दिवाबत्ती, सफाई ही पदं त्यात येतात. लहान गावात पाणी आणि दिवाबत्ती मिळून एकच पद असतं. गावात पाण्याला तीन माणसं राबत असतील आणि मंजूर पद एक असेल, तर नाव कोणाचं लागलं हा कळीचा प्रश्न. इथे भावकी आणि निवडणूक दोन्ही आड येतात, हे खानदेशात काय, कुठेच नवीन नाही. सरपंच बदलला की पाणीवालाही बदलायचा ही रीत ज्या गावात आहे, तिथे सलग सेवा सिद्ध करणं सगळ्यात जड जातं.

ठरावाची भाषा वाचून घ्या. 'श्री. अमुक यांना पाणी सोडण्याकामी ठेवण्यात यावे' असा मोघम ठराव पुढे अडतो. ठरावात पदाचं नाव, मंजूर आकृतिबंधातलं पद असल्याचा उल्लेख, रुजू होण्याची तारीख आणि वेतन या चार गोष्टी हव्यात. जुना ठराव मोघम असेल तर तो खोडायचा नाही, तारखा मागच्या टाकायच्या नाहीत. नवीन सभेत जुन्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख नमूद करून स्पष्टीकरणाचा ठराव घ्यायचा. मागची तारीख टाकलेला कागद पडताळणीत पकडला गेला, तर खरी सेवाही संशयात येते.

पहिला अर्ज

साध्या कागदावर चालतो. मजकूर साधारण असा ठेवा:

प्रति, मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत ________, ता. ________
विषय: पाणीपुरवठा कर्मचारी म्हणून सेवेच्या नोंदींच्या साक्षांकित प्रती मिळणेबाबत.
महोदय, मी दि. ________ पासून आपल्या ग्रामपंचायतीत पाणीपुरवठा कर्मचारी म्हणून काम करीत आहे. माझ्या नेमणुकीचा ठराव, नेमणूक आदेश, नमुना १३ मधील नोंद, नमुना १९ व २१ मधील आजअखेरच्या नोंदी आणि मंजूर आकृतिबंध यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. नोंद नसल्यास तसे लेखी कळवावे, ही विनंती.

शेवटचं वाक्य गाळू नका. 'नोंद नाही' हे लेखी हातात आलं की पुढे गटविकास अधिकाऱ्याकडे दाद मागायला आधार मिळतो. अर्जाच्या दोन प्रती करा आणि दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. पूर्वीचे ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून आता 'ग्रामपंचायत अधिकारी' असं पदनाम झालं आहे, तेव्हा अर्जावर तेच लिहा. एकेका अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावं असतात, गावात कोणत्या वारी असतात ते बघून जा.

उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. उत्तराची मुदत ३० दिवस. मुदत टळली की पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

जिल्हा परिषदेतल्या १० टक्के जागा

जिल्हा परिषदेच्या वर्ग ३ आणि वर्ग ४ च्या सरळसेवेच्या पदांत १० टक्के जागा ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी राखीव असतात. परिचर, आरोग्य सेवक, कनिष्ठ सहायक अशी पदं त्यात येऊ शकतात. पाण्याच्या टाकीवरून जिल्हा परिषदेच्या आस्थापनेवर जाण्याचा हा एकच सरळ जिना आहे.

पात्रतेचा गाभा असा: मंजूर आकृतिबंधातल्या पदावर नेमणूक, किमान १० वर्षं सलग सेवा, आणि ज्या पदावर जायचं त्या पदाची शैक्षणिक अर्हता. दहावी झालेल्याला परिचराची वाट मोकळी असली, तरी लिपिकाच्या पदाला पदवी किंवा संगणकाची अट असेल तर ज्येष्ठता कितीही असो, तिथे थांबावं लागतं. वयाची अट त्या त्या वेळच्या परिपत्रकात दिलेली असते, ती बघूनच पुढे जा.

यात तुम्ही थेट जिल्ह्याला अर्ज नेऊन द्यायचा नसतो. पंचायत समिती तालुक्यातल्या ग्रामपंचायतींकडून माहिती मागवते, ती जिल्हा परिषदेच्या ग्रामपंचायत विभागाकडे जाते, तिथे प्रारूप ज्येष्ठता यादी निघते, तिच्यावर हरकती घेतल्या जातात आणि मग अंतिम यादी लागते. जागा भरताना याच यादीच्या क्रमाने बोलावणं येतं. म्हणजे सगळा खेळ प्रारूप यादीवरच्या हरकतींच्या मुदतीचा. अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यावर ही यादी चालत येत नाही. पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्याकडे विचारत राहणं आणि जिल्हा परिषदेचं संकेतस्थळ बघत राहणं हाच उपाय.

प्रारूप यादीत स्वतःच्या ओळीतली प्रत्येक गोष्ट तपासा: नावाचं स्पेलिंग दाखल्याप्रमाणे आहे का, जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, प्रवर्ग, शिक्षण. नेमणुकीचं वर्ष एकाने जरी पुढे सरकलं तरी यादीत माणूस कितीतरी खाली जातो. चूक असेल तर हरकत लेखी, पुराव्यासह आणि मुदतीत द्या. तोंडी सांगितलेलं कोणी धरत नाही.

पडताळणीला बोलावलं की फाइल अशी लागते. सेवेसाठी ठराव, नेमणूक आदेश, नमुना १३ चा उतारा, दहा वर्षांची हजेरी व वेतनाच्या नोंदी, आकृतिबंधाची प्रत आणि सेवा सलग असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला. स्वतःसाठी शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रकं, अधिवास दाखला, आधार, पद मागत असेल तर संगणक प्रमाणपत्र. राखीव प्रवर्गातून असाल तर जात प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र. शिवाय लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. २००५ च्या नियमांनुसार दोनपेक्षा जास्त अपत्यं नसावीत ही अट चारही गटांतल्या सरकारी पदांना लागू आहे, आणि अपत्यांच्या जन्मतारखांवरून ती मोजली जाते.

यात सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद जात वैधतेचा. भिल, पावरा, तडवी, कोकणा समाजातल्या उमेदवारांनी यादी लागायची वाट बघत बसू नये. आजोबांचा शाळेचा दाखला, जुन्या महसुली नोंदी शोधण्यातच महिने जातात.

ही फाइल आणखी एका वेळी कामाला येते. मुक्ताईनगर, बोदवड, शेंदुर्णी, साक्री, शिंदखेडा, धडगाव ही गावं ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेली. असं होतं तेव्हा जुन्या कर्मचाऱ्यांच्या समावेशनात आकृतिबंध, ठराव आणि सलग सेवा याच गोष्टी तपासल्या जातात.

वेतन आणि निधी

ग्रामपंचायत हा १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीतला रोजगार होता. १० ऑगस्ट २०२० च्या अधिसूचनेने दर सुधारले. त्यात लोकसंख्येप्रमाणे तीन परिमंडळं आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल असे तीन वर्ग आहेत. मूळ दरावर विशेष भत्ता वेगळा. तुमचा वर्ग नेमणूक आदेशातल्या पदनामावरून ठरतो, म्हणून आदेशात नुसतं 'मजूर' लिहून घेऊ नका.

आकृतिबंधातल्या कर्मचाऱ्याच्या वेतनात शासनाचा हिस्सा थेट खात्यावर येतो, उरलेला ग्रामपंचायतीने घालायचा. शासनाचा हिस्सा करवसुलीशी जोडल्यावरून कर्मचारी संघटना वर्षानुवर्षं भांडत आल्या आहेत, आणि माझ्या मते त्यांचं म्हणणं रास्त आहे. पाणीपट्टी लोकांनी थकवायची आणि पगार व्हॉल्व्हवाल्याचा अडायचा, हा कुठला न्याय? पंधराव्या वित्त आयोगाचा निधीही पगाराला वापरता येत नाही, त्यामुळे ग्रामपंचायत 'स्वनिधी नाही' म्हणून हात वर करते. तरीही किमान वेतन देणं टळत नाही. कमी मिळत असेल तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात दावा करता येतो. वेतन संहिता २०१९ लागू झाल्यावर दाव्याची मुदत तीन वर्षं झाली, पूर्वीच्या १९४८ च्या कायद्यात ती सहा महिने होती. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात दोन्ही हिस्से जमा होतात का, हे पासबुकावर दरवर्षी बघा आणि त्यात वारसाचं नाव आहे याची खात्री करा.

ठेकेदाराकडे असाल तर

तुमच्यासाठी नमुना १३ नाही, आकृतिबंध नाही आणि १० टक्के कोटाही नाही. तुमची ओळख म्हणजे यूएएन, भविष्य निर्वाह निधीच्या सदस्याचा कायमचा क्रमांक. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो, आणि ठेकेदाराने तुमच्या पगारातून १२ टक्के कापले तर तेवढाच वाटा त्यानेही भरायचा असतो. उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडतं. कपात होते पण जमा दिसत नाही, असं असेल तर निधी कार्यालयात तक्रार करा आणि योजना चालवणाऱ्या कार्यालयालाही कळवा, कारण ठेकेदार चुकला की मुख्य मालकावर जबाबदारी येते. दहा किंवा जास्त माणसं आणि पगार २१,००० पर्यंत असेल, तर ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा) नोंदणीही मागा. ठेका बदलला तरी यूएएन तोच ठेवायचा. नवा ठेकेदार नवा क्रमांक काढतो म्हणाला तर जुना पुढे करा.

यातलं काहीच लागू नसेल, चार-सहा महिने उन्हाळ्यापुरतं काम असेल, तर असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड तरी काढून ठेवा. वय १६ ते ५९, आधार आणि बँक खातं पुरतं, आणि निधी किंवा ईएसआयसीचा सदस्य नसावा.

या सगळ्या वाटेवर सरकारी खर्च म्हणजे माहिती अधिकाराचे १० रुपये, प्रतींचे पानाला २ रुपये आणि दाखल्यांचं किरकोळ शुल्क. ज्येष्ठता यादीत नाव वर सरकवून देतो म्हणून कोणी हजारात बोलायला लागला, तर त्याला पैसे देऊ नका. यादी नेमणुकीच्या तारखेवर लागते आणि ती तारीख तुमच्या ठरावात आहे.