‘कॅन’ला ‘एस’ का लागत नाही? क्षमता, शक्यता आणि शंका दाखवणाऱ्या इंग्रजी क्रियापदांची पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या शाळेत मूल इंग्रजीचं पहिलं पूर्ण वाक्य बहुधा वर्गाच्या दारात उभं राहून म्हणतं: ‘मे आय कम इन, सर?’ त्यातला ‘मे’ परवानगीचा, हे त्याला न सांगता कळतं. पुढे सातवी-आठवीत तोच ‘मे’ ‘कदाचित’ म्हणून भेटतो आणि गोंधळ सुरू होतो. हा गोंधळ मुलांच्या डोक्यात नंतर होतो, त्या क्रियापदांच्या इतिहासात तो आधीच झालेला आहे.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘मे’चा पूर्वज ‘मागन’ हा अंगातल्या बळाचा शब्द होता. ‘ताकद’ या अर्थाचं ‘माइट’ हे नाम त्याच मुळातलं. ‘कॅन’चा पूर्वज ‘कुन्नन’ म्हणजे जाणणं, माहीत असणं. ‘नो’ (know) हे क्रियापद, संस्कृतातला ‘ज्ञा’ धातू आणि आपलं ‘जाणणे’ ही सगळी एकाच दूरच्या मुळाची भावंडं. मराठीनं हा भेद आजही जपलाय. ‘त्याला पोहता येतं’ हे शिकलेलं कौशल्य. ‘आजीला जोतिबाच्या पायऱ्या चढवत नाहीत’ यात बळाचा प्रश्न, आणि आपल्या व्याकरणात ‘चढवत’ला शक्य क्रियापद असं वेगळं नावही आहे. इंग्रजीत मात्र ‘कॅन’ पसरत गेला. आधी जाणणं, मग करता येणं, मग कोणतीही क्षमता. त्यानं बळाच्या घरातून ‘मे’ला बाहेर काढलं. ‘मे’ शक्यता आणि परवानगीकडे सरकला, तर गेल्या दोनशे वर्षांत ‘कॅन’ परवानगीच्या दारातही येऊन उभा राहिला. आज ‘कॅन आय कम इन?’ म्हटलं तर चूक नाही, फक्त अदब थोडी कमी.

या क्रियापदांचं वागणं विचित्र दिसतं, त्याचं कारणही जुनंच आहे. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ ही रूपं मुळात भूतकाळाची. ‘जाणून घेतलं’ म्हणजे आता ‘माहीत आहे’, अशा वाटेनं ती वर्तमानात आली. भूतकाळी रूपाला तृतीयपुरुषी प्रत्यय नव्हता, म्हणून ‘शी कॅन’ला ‘एस’ लागत नाही. पुढच्या क्रियापदाआधी ‘टू’ही येत नाही. इतर क्रियापदांसोबत ‘टू’ रुळत गेला तेव्हा या जोड्या आधीच घट्ट झाल्या होत्या. ‘ही कॅन्स’ आणि ‘ही कॅन टू स्विम’ या दोन्ही चुकांचं उत्तर या जुन्या इतिहासातच आहे. ‘आय कुड एबल टू’ ही मात्र आपल्याकडची भर. ‘कुड’ आणि ‘वॉज एबल टू’ या दोन रचना एकमेकांत अडकून ती तयार होते.

‘कुड’मधला ‘एल’ तर उसना आहे. जुनं रूप ‘कूडे’सारखं होतं. ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्यात ‘एल’ मुळातला, त्यांच्या पंगतीला बसवायला तो पंधराव्या-सोळाव्या शतकात ‘कुड’मध्येही घातला गेला. ‘कुल्ड’ असा उच्चार करणाऱ्या मुलाला हे सांगून पाहावं, तो उच्चार लवकर सुटतो.

वर्तमानाची जागा जुन्या भूतकाळी रूपांनी घेतल्यावर भूतकाळासाठी नवी रूपं घडली: ‘कुड’, ‘माइट’, ‘शुड’. मग तीही भूतकाळातून निसटू लागली. काळाचं अंतर दाखवणारं रूप नम्रतेचं किंवा खात्री कमी असल्याचं अंतर दाखवू लागलं. ‘कुड यू हेल्प मी?’ यात काल-परवाचं काही नाही. ‘कॅन’चा भूतकाळ ‘कुड’ असं शिकवणारे शाळेतले तक्ते नेमके इथे घसरतात.

तक्त्यांचा उगम दूरचा आहे. लिंडली मरे या व्याकरणकाराच्या १७९५ च्या इंग्रजी व्याकरणात ‘पोटेन्शियल मूड’ नावाचा, म्हणजे शक्यता-क्षमता दाखवणाऱ्या रूपांचा, एक कप्पा होता. त्यात ‘मे’, ‘कॅन’ वर्तमानात आणि ‘माइट’, ‘कुड’, ‘वुड’, ‘शुड’ भूतकाळात बसवले होते. लॅटिनच्या साच्यातली ही मांडणी एकोणिसाव्या शतकातल्या शालेय व्याकरणांत ठाण मांडून बसली. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० चं, म्हणजे इथलं उच्च शिक्षण त्याच काळात रुजलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू होई. वेळ थोडा, म्हणून एका शब्दाला एक मराठी शब्द: ‘कॅन’ म्हणजे ‘शकतो’, ‘कुड’ म्हणजे ‘शकला’, ‘मे’ म्हणजे ‘कदाचित’, ‘माइट’ म्हणजे त्याचा भूतकाळ. २००० पासून इंग्रजी पहिलीत आलं, तरी व्याकरणाच्या तासाला हीच जोडपी अजून फळ्यावर दिसतात.

‘कुड म्हणजे शकला’ हे समीकरण सगळ्यात जास्त फसवतं. तरुणपणी एखादा मल्ल रोज हजार जोर काढू शकायचा, तर ‘कुड’ बरोबर, कारण ती अंगात मुरलेली क्षमता. पण खासबाग मैदानात त्यानं अमुक कुस्ती पाचव्या मिनिटाला मारली, असा एकदाच घडलेला पराक्रम सांगताना ‘ही कुड विन’ चालत नाही. तिथे ‘ही वॉज एबल टू विन’ किंवा ‘ही मॅनेज्ड टू विन’ हवं. नकारात ही अट नाही. ‘ही कुडन्ट विन’ दोन्ही अर्थांनी चालतं.

शक्यतेत ‘शकतो’ आणखी दगा देतो. ‘कोल्हापुरात मे महिन्यात वळीव पडू शकतो’ आणि ‘आज संध्याकाळी पाऊस पडू शकतो’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच क्रियापद पुरतं. इंग्रजीत पहिल्याला ‘इट कॅन रेन’, कारण तो एकंदर अनुभव आहे. दुसऱ्याला ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’, कारण शंका एका ठरावीक वेळेबद्दल आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ४१ फुटांवर असताना ‘द रिव्हर कॅन क्रॉस द डेंजर लेव्हल टुनाइट’ लिहिलं तर इशारा न वाटता नदीचा सर्वसाधारण गुणधर्म वाटतो. ‘मे क्रॉस’ लिहावं. ‘माइट’मध्ये शक्यता थोडी कमी, असं पुस्तकं सांगतात, पण बोलताना बरेच इंग्रजीभाषक हा फरक पाळत नाहीत. त्यावर गुण कापणं जरा अतिच. आणि शक्यता विचारताना ‘मे इट रेन टुनाइट?’ म्हणू नये. प्रश्नातला ‘मे’ परवानगीकडे झुकतो. ‘कुड इट रेन?’ किंवा ‘डू यू थिंक इट विल रेन?’ हे नेहमीचं.

घडून गेलेल्या गोष्टीला ‘हॅव’ जोडावा लागतो. ‘दे मे हॅव ओपन्ड द गेट्स’ म्हणजे राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले असतील, नक्की कळलेलं नाही. ‘वी कुड हॅव ड्राउन्ड’ म्हणजे बुडालो असतो, पण वाचलो. इथे ‘मे हॅव’ वापरलं, तर बोलणारा स्वतः वाचला की नाही, हेच त्याला ठाऊक नाही असा अर्थ निघतो.

‘मस्ट’चं कूळ परवानगीचं. जुन्या ‘मोटन’ या क्रियापदाचा तो भूतकाळ. वर्तमानात येताना ‘मुभा आहे’चं ‘भाग आहे’ झालं आणि पुढे ‘असलंच पाहिजे’ असा तर्कही त्यात आला. आपल्या ‘असणार’ला तोच जवळचा: ‘तो तालमीत असणार’, ‘ही मस्ट बी इन द तालीम’. नुसतं ‘असेल’ म्हणताना खात्री कमी असेल, तर ‘मे बी’ बरं. मात्र ‘असणं शक्यच नाही’ म्हणताना बरेच जण ‘मस्ट नॉट बी’ लिहितात आणि वाक्य मनाईसारखं वाचलं जातं. तर्काचा नकार ‘कान्ट बी’: ‘ही कान्ट बी इन द तालीम, इट्स क्लोज्ड’. ‘मे नॉट बी’ म्हटलं तर अर्थ आणखी वेगळा, नसेलही कदाचित.